सापाशी जमवून घेताना: पाळीव सापाची वागणूक वाचणं आणि त्याला हाताची सवय लावणं

साप पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा प्रश्न: हा मला ओळखतो का? सापाच्या लेखी तुम्ही म्हणजे एक वास, एक उबदार आकार आणि हालचालीची एक ठरावीक पद्धत. या तीन गोष्टी वारंवार एकत्र आल्या आणि त्यातून काही वाईट घडलं नाही, की साप तुम्हाला धोक्याच्या यादीतून काढून टाकतो. कुत्र्यासारखी माया सापात असते असं मानायला पुरावा नाही. पण साप शिकतो, हे नक्की. कॉर्न स्नेक सुटकेच्या भोकाची जागा सरावाने लक्षात ठेवतात, हे १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं. गार्टर साप कोणत्या सापाशेजारी बसायचं याची निवड करतात, हे २०२०च्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे डोकं आहे, आवडनिवड आहे. नाही ती लाडीगोडी.

त्यामुळे या लेखात ‘नातं’ म्हणजे एवढंच: साप तुम्हाला घाबरत नाही, तुमच्या हाताला भक्ष्य समजत नाही आणि हातात असताना सैल राहतो. हे साधायला खाऊची लालूच किंवा जबरदस्तीची सवय फारशी कामाची नसते. कामाला येतो तो तुमचा एकसारखेपणा. वेळ, वास, उचलायची पद्धत, परत ठेवायची पद्धत, सगळं दर वेळी तसंच.

एक अट आधीच. हे सगळं बिनविषारी, पैदास केंद्रात जन्मलेल्या आणि कागदपत्रं असलेल्या सापांबद्दल आहे: कॉर्न स्नेक, किंग स्नेक, मिल्क स्नेक, बॉल पायथन, होगनोज, बोआ वगैरे. (होगनोजच्या लाळेत सौम्य विष असतं आणि तो चावून धरून राहिला तर हात सुजू शकतो, एवढं ध्यानात ठेवा.) रानातून पकडलेला साप हाताळणीला क्वचितच सरावतो, बहुतेक वेळा अंगात परजीवी घेऊन येतो, आणि अनेक देशांत तो पाळणं हा गुन्हा आहे. साप आणण्याआधी आपल्याकडचा कायदा पाहून घ्या.

सापाला काय कळतं आणि काय नाही

दुभंगलेली जीभ हवेतले आणि पृष्ठभागावरचे वासाचे कण गोळा करते आणि टाळूतल्या, वास ओळखणाऱ्या जेकबसन अवयवाकडे पोचवते. जिभेची दोन टोकं दोन वेगळ्या जागचे कण आणतात, म्हणून वास डावीकडून जास्त येतोय की उजवीकडून, हेही त्याला समजतं. तुम्ही त्याच्या राहायच्या पेटीत हात घातल्यावर साप जीभ बाहेर काढतो तेव्हा तो तुमची चौकशी करत असतो. ती चौकशी पुरी होऊ द्या. बहुतेक जण इथेच घाई करतात.

बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या खवल्यांत उष्णता टिपणारे खड्डे असतात. त्याला तुमचा हात उबदार डागासारखा ‘दिसतो’, आणि उंदीरही तसाच दिसतो. अंधारात, भुकेच्या वेळी, उंदराच्या वासाचा हात पेटीत गेला तर चूक सापाची नसते. कॉर्न स्नेक, किंग स्नेक, होगनोज यांना हे खड्डे नसतात. ते वासावर आणि हालचालीवर जास्त विसंबतात.

सापाला बाहेरचा कान नाही, पण तो बहिराही नाही. जमिनीतली कंपनं खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत जातात आणि साधारण ८० ते ६०० हर्ट्झमधले खालच्या पट्टीतले आवाज त्याला हवेतूनही जाणवतात. नाव घेऊन हाक मारण्याला अर्थ नाही. पण पेटी ठेवलेल्या टेबलावर स्पीकर ठेवला, दार आपटलं, तर ते त्याला पोचतं. पापण्या नसल्याने डोळे कायम उघडे. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. त्यामुळे साप झोपलाय की जागा आहे हे डोळ्यांवरून कळत नाही. जीभ हलत नसेल आणि अंग निवांत असेल तर झोपला असं धरा आणि त्याला एकदम हात लावू नका.

आधी पेटी, मग हात

सतत फुत्कारणारा, खायचं सोडलेला किंवा काचेला नाक घासत फिरणारा साप ‘रागीट स्वभावाचा’ म्हणून ओळखला जातो. पेटी तपासली की बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. योग्य तापमान न मिळाल्यास पचन बिघडतं, प्रतिकारशक्ती घटते आणि तो सतत सावध राहतो.

बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सियस, थंड टोकाला २५ ते २७, आणि ६० ते ७५ टक्के आर्द्रता लागते. कॉर्न स्नेकला उबदार टोकाला ३० ते ३२, थंड टोकाला २२ ते २५, आर्द्रता ४० ते ६० टक्के. तापमान पेटीच्या वरच्या काचेवर चिकटवलेल्या गोल तबकडीने मोजू नका. साप जिथे प्रत्यक्ष बसतो तिथे डिजिटल थर्मामीटरचा प्रोब ठेवा. हीट मॅट (पेटीखालची विजेची गरम चटई) किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच लावायचा नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट सहज ४५ अंशांच्या पुढे जाते, आणि पोटाखालचं भाजणं सापाला वेळेवर कळत नाही. तो तिथेच बसून राहतो आणि खवले जळतात.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला, शक्यतो सारख्याच. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतली एक गोष्ट निवडावी लागते, आणि तो बहुतेकदा सुरक्षितता निवडून थंडीत उपाशी बसतो. लपायची जागा अशी घट्ट हवी की वेटोळं घातल्यावर अंग तिन्ही बाजूंनी टेकेल. ऐसपैस गुहा माणसाला छान दिसते, सापाला ती उघडी वाटते. ‘सतत लपतो, म्हणजे दुःखी आहे’ हा समज उलटा आहे. ज्याला लपता येतं तोच हळूहळू धीट होऊन बाहेर फिरायला लागतो.

एका पेटीत एकच साप. किंग स्नेक तर दुसरा साप सरळ खातो.

पहिले दोन आठवडे: काहीही न करणं

नवीन साप घरी आल्यावर ७ ते १४ दिवस त्याला उचलायचं नाही. पाणी रोज बदला, विष्ठा दिसली तर काढा, बाकी हात आत नको. आठवडा झाल्यावर पहिलं खाणं द्या. सलग दोन, शक्य तर तीन वेळा त्याने न सोडता खाल्लं आणि उलटी केली नाही, म्हणजे साप स्थिरावला. तोवर हाताळणी सुरू करू नका, मग त्याला तीन आठवडे लागोत की सहा.

या काळात एक वही सुरू करा. खाल्ल्याची तारीख, भक्ष्याचं वजन, विष्ठा, कात, सापाचं वजन. पुढे हाताळणीची मिनिटं आणि सापाचा मूड. वजनाला स्वयंपाकघरातल्यासारखा डिजिटल काटा आणि झाकणाचा डबा पुरतो (दोन्ही खास सापासाठी वेगळे ठेवा). पुढे काही बिनसलं तर पशुवैद्य पहिला प्रश्न याच नोंदींबद्दल विचारतात.

अंगात घातलेला सुती कपडा पेटीत ठेवला की सापाला तुमच्या वासाची सवय होते, असा एक उपाय बराच सांगितला जातो. पहिल्या खाण्यानंतर, अत्तर किंवा सुगंधी साबणाचा वास नसलेला छोटा तुकडा थंड टोकाला ठेवायला हरकत नाही. पण त्यावर भिस्त ठेवू नका. पाणी बदलायला रोज आत जाणारा शांत हात त्याहून जास्त काम करतो.

अंगाची भाषा

सापाच्या चेहऱ्यावर भाव नसतात, पण बाकीचं सगळं अंग बोलत असतं. मुख्य म्हणजे एकच खूण सुटी वाचू नका. मान, जीभ, श्वास आणि स्नायू एकत्र पाहा.

सैल साप हातावर ओघळतो. त्याचं वजन एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जातं, जीभ काही सेकंदांच्या अंतराने सावकाश बाहेर येते, थोडी हलते, आत जाते. डोकं मधूनच तुमच्या मनगटावर टेकतं. पकड असते पण ती फक्त पडू नये एवढीच.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो साप: हातात अजिबात न हलणारा. ‘किती गुणी आहे’ म्हणून त्याचे फोटो काढले जातात आणि तो भीतीने गोठलेला असतो. हे ओळखायला त्याच्या पाठीवरून नजर फिरवा. सैल सापाच्या अंगाची वळणं मोठी, गोलसर असतात. गोठलेल्या सापाच्या अंगावर ठिकठिकाणी छोट्या, टोकदार घड्या दिसतात, सरळ दोरीला मध्येमध्ये मुरड पडावी तशा. कॉर्न स्नेकमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. हाताला स्नायू कडक लागतात. जीभ बंद असते. श्वास एकतर भराभर चालतो, फासळ्यांपाशी कातडी उडताना दिसते, किंवा रोखलेला असतो आणि मग एकदम मोठा सुटतो. बॉल पायथन असेल तर डोकं वेटोळ्याच्या मधोमध खुपसून घट्ट चेंडू करतो. असा साप चावत नाही, म्हणून लोक पुढे रेटत राहतात, आणि महिनोन्‌महिने हाताळूनही साप ‘सुधारत’ नाही. उपाय साधा आहे: दोन्ही हातांचा सपाट आधार द्या, हलू नका, एक-दोन मिनिटं थांबा. जीभ सुरू झाली तर थोडा वेळ आणखी ठेवा. नाही झाली तर परत ठेवा आणि पुढच्या वेळी निम्माच वेळ घ्या.

मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढलेली, डोकं तुमच्याकडे रोखलेलं, सोबत फुत्कार: हा सरळ इशारा आहे. हात मागे घ्या, पण झटक्याने नाही. शेपटी थरथरवणं हाही इशाराच. कॉर्न आणि किंग स्नेक कोरड्या पालापाचोळ्यावर शेपूट आपटून खुळखुळा वाजवतात. होगनोज मान चपटी करतो, तोंड मिटूनच डोक्याने ढुशी मारतो, आणि अगदीच टोकाला गेला तर उताणा पडून मेल्याचं सोंग करतो. गंमत म्हणून हे त्याच्याकडून करवून घेऊ नका. गुदद्वाराजवळून घाण वासाचा द्रव सोडणं म्हणजे सापाचा धीर सुटला. विशेषतः लहान पिल्लं हे करतात. अंडी फोडून नुकती बाहेर आलेली पिल्लं इवलीशी असूनही सगळ्यांवर झेपावतात, कारण त्यांच्या लेखी प्रत्येक मोठी गोष्ट त्यांना खाणारी आहे. हे वयानुसार बरंच ओसरतं.

भुकेला साप वेगळा दिसतो. तो मागे ओढला जात नाही, पुढे येतो. लपायच्या जागेतून फक्त डोकं बाहेर, नाक एका दिशेला रोखलेलं, जीभ भराभर, आणि तुमच्या हाताच्या हालचालीमागे डोकं सरकतंय. फुत्कार नाही. अशा वेळी हात आत घालू नका. भीतीचा चावा आणि भुकेचा चावा यांत भुकेचा जास्त त्रासाचा, कारण तो सोडत नाही.

मोठी जांभई बहुतेक वेळा खाल्ल्यानंतर जबडा जागेवर आणण्यासाठी असते. साप अंगाचा पुढचा भाग उभा करून इकडेतिकडे पाहतो ते कुतूहल. गळ्यात किंवा मनगटावर वेटोळं घालणं ही मिठी नव्हे. तिथे ऊब आहे आणि पकड आहे. आणि मालकाशेजारी लांबलचक पडलेला साप ‘त्याला गिळायचं माप घेतोय’ ही गोष्ट निव्वळ थाप आहे. साप माप घेत नाही, मोकळी जागा मिळाली म्हणून ताणून पडतो.

उचलायची पद्धत

खोलीची दारं-खिडक्या बंद, फर्निचरमागच्या फटी बुजवलेल्या, इतर पाळीव प्राणी बाहेर. हात बिनवासाच्या साबणाने धुवा. खोली २२ अंशांपेक्षा थंड असेल तर वेळ कमी ठेवा. मग असं:

१. पेटीचं दार सावकाश उघडा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. साप कुठे आहे, डोकं कुठल्या बाजूला आहे ते पाहा.

२. सापाच्या हुकाने (वाकड्या टोकाच्या काठीने), हुक नसेल तर पुठ्ठ्याच्या नळीने, अंगाच्या मधल्या भागाला दोन-तीनदा हलकेच स्पर्श करा. डोक्याला नाही. भक्ष्य कधी असा स्पर्श करत नाही, त्यामुळे काही आठवड्यांत ‘हुक लागला म्हणजे जेवण नाही’ हे सापाला पक्कं कळतं. दर वेळी करा, खूप शांत साप असला तरी.

३. हात बाजूने, खालच्या पातळीवरून आणा. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्यासाठी घार किंवा घुबड.

४. अंगाच्या मधल्या भागाखाली तळहात सरकवा, दुसरा हात मागच्या भागाखाली, आणि एकाच संथ हालचालीत उचला. अर्धवट उचलून कचरणं सापाला जास्त घाबरवतं. एकदा उचलायचं ठरवलं की उचला.

५. मुठीत धरू नका. साप पुढे सरकेल तसा मोकळा हात त्याच्यापुढे ठेवत जा. सुरुवातीला जमिनीवर किंवा पलंगावर बसूनच. उभ्याने हातातून पडलेल्या सापाच्या फासळ्या आणि मणका दुखावतो.

शेपटीने कधीच लटकवू नका, त्याने मणक्याला इजा होते. डोक्याला आणि मानेला हात लावायची घाई नको. बहुतेक सापांना तो स्पर्श शेवटपर्यंत आवडत नाही आणि त्यात बिघडलेलं काही नाही.

हाताळणीचे पहिले दोन आठवडे एका वेळी ५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा-तीनदा. साप सैल राहतोय असं वहीत सलग दिसलं की १० ते १५ मिनिटं. मोठ्या, सरावलेल्या सापासाठी अर्धा तास भरपूर झाला. रोज हाताळल्याने साप लवकर सरावतो हा समज खरा नाही. मधले रिकामे दिवस त्याला सावरायला लागतात.

परत केव्हा ठेवायचं, यात खरं कौशल्य आहे. साप धडपडतो, फुत्कारतो, आणि त्याच क्षणी तुम्ही त्याला पेटीत सोडता, असं वारंवार झालं तर धडपड केली की सुटका होते हे तो शिकतो. म्हणून तो शांत असतानाच परत ठेवा. धडपडू लागलाच तर दोन्ही हातांनी आधार देऊन त्याची गती मंदावेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, थांबा आणि मग सोडा. मात्र खरोखर घाबरलेल्या सापाला ‘धडा शिकवायला’ धरून ठेवू नका. तेव्हा लवकर सोडणंच बरोबर.

ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी आणखी चांगली पद्धत म्हणजे सापाला निवड देणं. संध्याकाळी, तो स्वतःहून फिरायच्या वेळी, दार उघडून पेटीच्या तोंडाशी हात किंवा जाड फांदी ठेवा आणि वाट पाहा. आला तर आला. पाच-दहा मिनिटांत नाही आला तर दार बंद. कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक याला लवकर सरावतात, बॉल पायथनला महिने लागतात. पण स्वतःहून बाहेर आलेला साप हातात क्वचितच गोठतो.

खाणं आणि हात यांची गल्लत

भक्ष्य नेहमी गोठवलेलं आणि वितळवलेलं द्या. जिवंत उंदीर सापाला चावून गंभीर जखमा करू शकतो. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून ३८ ते ४० अंशांपर्यंत आणा. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजतं, फुटतं. भक्ष्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा किंचित कमी. वाढत्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, ५ ते ७ दिवसांनी. प्रौढ कॉर्न स्नेकला १० ते १४ दिवसांनी, प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी, वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास.

द्यायला २५ ते ३० सेंटिमीटरचा लांब चिमटाच वापरा. खायला घालण्यासाठी सापाला दुसऱ्या डब्यात हलवायची जुनी पद्धत अनेक जण अजून सांगतात, ती टाळा. भुकेच्या भरात उचलल्याने चावा बसतो, आणि पोट भरल्यावर परत उचलल्याने उलटी होते. हुकाचा स्पर्श नीट शिकवला असेल तर दुसऱ्या डब्याची गरजच पडत नाही.

खाल्ल्यानंतर ४८ तास हाताळणी बंद, भक्ष्य मोठं असेल तर ७२ तास. पोटाचा फुगवटा दिसतोय तोवर हात नकोच. उलटी झाली तर लगेच पुन्हा खायला घालू नका. पाणी द्या, १० ते १४ दिवस थांबा, तापमान तपासा आणि निम्म्या आकाराचं भक्ष्य द्या. दुसऱ्यांदा झाली तर पशुवैद्य.

हौस असेल तर लक्ष्य दाखवून शिकवता येतं. काठीच्या टोकाला काळा-पांढरा चेंडू लावा. खाण्याच्या दिवशी तो सापापासून १० ते १५ सेंटिमीटरवर धरा. सापाने जीभ लावली किंवा नाक टेकवलं की चेंडू बाजूला आणि चिमट्यातून भक्ष्य त्याच जागी. काही महिन्यांनी चेंडू दिसला तरच जेवण, एरवी नाही, हे इतकं स्पष्ट होतं की हाताला भक्ष्य समजायचा धोका बराच घटतो. प्रौढ साप महिन्यातून एकदा ते तीनदाच खातो, त्यामुळे सरावाच्या संधीही तेवढ्याच. चिकाटी ठेवा.

कात, उपास आणि इतर ‘आज नको’चे दिवस

कात टाकण्याआधी रंग मंदावतो, पोट गुलाबीसर होतं, मग डोळे निळसर-दुधाळ होतात. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही आणि नवी कातडी हळवी असते. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. इथे लोक फसतात आणि साप उचलतात. कात त्यानंतर चार-सहा दिवसांनी पडते. रंग मंदावल्यापासून ती पूर्ण पडेपर्यंत, म्हणजे एक ते दोन आठवडे, थांबा. ओलसर शेवाळ भरलेला झाकणाचा डबा, बाजूला भोक पाडून, आत ठेवा. कात तुकड्यांत निघाली तर आर्द्रता कमी पडली. डोळ्यावर जुना खवला राहिला तर नखाने किंवा चिमट्याने काढू नका. डोळा जाऊ शकतो.

बॉल पायथनचे नर वीण-हंगामात अनेकदा दोन-तीन महिने खात नाहीत. दर आठवड्याला वजन करा. ते १० टक्क्यांपेक्षा जास्त घटलं नाही तर काळजी नको, आणि रोज नवनवीन भक्ष्य नाकाशी नाचवून त्याला बेजार करू नका. दहा-चौदा दिवसांतून एकदा विचारणं पुरे.

चावलाच तर

घाबरून चावलेला साप क्षणात सोडतो. ओरखडे पडतात, रक्त येतं, वेदना बेताची. हात झटकू नका. दात मागे वळलेले असतात आणि ओढल्याने तुटून आत राहतात. तो कुठे गेला हे पाहा, शांतपणे उचलता येत असेल तर पेटीत ठेवा, नाहीतर हुकाने.

भक्ष्य समजून चावलेला साप धरून ठेवतो आणि वेटोळं घालतो. ओढायचं नाही. थंड पाण्याच्या धारेखाली हात धरा. तेवढ्याने सुटलं नाही तर अल्कोहोल असलेल्या सॅनिटायझरचा थेंबभर त्याच्या तोंडाजवळ लावा. वेटोळी शेपटीकडून सोडवत या. मग जखम साबणाने धुवा. लाली पसरली, सूज वाढली, दात आत राहिल्यासारखा वाटला किंवा धनुर्वाताची लस जुनी झाली असेल तर डॉक्टरांकडे जा. अडीच-तीन मीटरच्या पुढचा बोआ किंवा अजगर एकट्याने हाताळायचा नाही, गळ्यात तर मुळीच घालायचा नाही. हा नियम साप कितीही गरीब असला तरी लागू.

हाताळणीआधीचं हात धुणं सापासाठी, नंतरचं तुमच्यासाठी. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) असू शकतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी साप हाताळू नये. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नका.

सरावलेला साप अचानक बिघडला तर

वर्षभर शांत असलेला साप एकाएकी फुत्कारायला लागला, तर स्वभाव बदलला असं समजू नका. काहीतरी दुखतंय किंवा पेटीत काही बदललंय. आधी तापमान, मग कात, मग वही. नवा साबण, घरात आणलेला हॅमस्टर, पेटीची जागा बदलणं, एवढंही कारण पुरतं. पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसून राहणं म्हणजे उष्णता जास्त झाली, कात जवळ आली किंवा अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत. पाण्यात काळे ठिपके दिसतात का आणि डोळ्यांच्या कडेला बारीक कण आहेत का ते पाहा. काचेवर सतत नाक घासत असेल तर पेटी लहान आहे, लपायला जागा नाही किंवा नराचा वीण-हंगाम चालू आहे.

काही खुणा मात्र वागणुकीच्या नसतातच. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासात शिट्टी किंवा बुडबुडे, नाकाशी चिकट स्राव: श्वसनमार्गाचा संसर्ग. डोकं वरच्या दिशेला वळवून तसंच ठेवणं, उताणं पडल्यावर सरळ होता न येणं: मज्जासंस्थेचा त्रास. (बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ नावाच्या रंग-नक्षीच्या प्रकारात डोकं डोलण्याचा दोष जन्मजातच असतो, अशी पैदास विकत न घेतलेलीच बरी.) हिरड्यांना लाली किंवा पिवळट थर, अंगावर सूज, सलग उलट्या. यांपैकी काहीही दिसलं की हाताळणी थांबवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. नेताना सुती पिशवीत घालून, गाठ मारून, पिशवी हवेची भोकं असलेल्या कडक डब्यात ठेवा आणि शेजारी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. अंगाला थेट लागू देऊ नका.

आजारपण किंवा मोठी सुट्टी यांनंतर हाताळणी पुन्हा सुरू करताना आधीच्या वेळेवर उडी मारू नका. पाच मिनिटं, हुकाचा स्पर्श, आठवड्यातून दोनदा, असं पुन्हा पहिल्यापासून. जुना सरावलेला साप बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येतो. घरात दुसरं कोणी त्याला हाताळणार असेल तर त्यांनीही हाच क्रम पाळावा, सुरुवातीला तुम्ही शेजारी असताना.